लवकर परत आलेली पुस्तकं

वाचनालयात तिला सगळे शिक्काताई म्हणायचे. म्हणजे तोंडावर नुसतं ताई, आणि पाठ वळली की शिक्काताई. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर डकवलेल्या चिठ्ठीवर ती तारखेचा शिक्का असा काही हाणायची की वर्तमानपत्रं चाळत बसलेली म्हातारी मंडळी दचकून चष्मे सावरायची. एका पेन्शनर गृहस्थांनी एकदा तक्रार केली. तिने शांतपणे ऐकून घेतलं, मान डोलावली आणि त्यांच्याच पुस्तकावर पुढचा शिक्का आणखी जोरात मारला.

स्वभाव हा असा. पण कुणाला जिना चढवत नसेल तर त्याचं पुस्तक ती घरी जाता जाता स्वतः पोचवायची. पोचवायची आणि वर ऐकवायचीही, 'काय हे वाचता, या वयात तरी जरा बरं काही वाचा.' लोक तिचं बोलणं कानाआड करायचे आणि पुढच्या वेळी गुपचूप तिने सुचवलेलं पुस्तक न्यायचे. नवरा पाण्याच्या मीटरची दुरुस्ती करायचा, त्याचं वाचन म्हणजे मीटरवरचे आकडे. लेक लग्न होऊन दूर गेली होती. उरलं काय, तर औषधांच्या दुकानावरच्या वाचनालयाच्या त्या दोन खोल्या, लोखंडी कपाटं, आणि एक टेबल, ज्याच्यामागे तिचं निम्मं आयुष्य गेलं.

आतल्या खोलीत दाराच्या मागे एक मांडणी होती. दार उघडलं की ती झाकली जायची, त्यामुळे तिथे पुस्तकं आहेत हेच बऱ्याच सभासदांना माहीत नव्हतं. लढाईवरची पुस्तकं तिथे असायची. या मांडणीवर ताईचा जीव होता, आणि तो का होता हे तिने वाचनालयात कुणाला कधी सांगितलं नव्हतं.

तिचा थोरला भाऊ साधा सैनिक होता. ती शाळेत असताना लढाई झाली आणि दादा परत आला नाही. एका दुपारी एक अधिकारी घरी आले. खुर्चीच्या अगदी कडेवर बसले, टोपी गुडघ्यावर ठेवली, दिलेलं पाणी सगळं प्यायले आणि म्हणाले, "त्याला काही कळलंसुद्धा नाही. एका क्षणात गेला. जराही त्रास झाला नाही." एवढं बोलून, आईला नमस्कार करून ते निघून गेले.

आई पुढची सगळी वर्षं त्या वाक्यावर जगली. कुणीही भेटायला आलं, दादाचा विषय निघाला, की आई डोळे पुसून म्हणायची, "पण त्याला कळलंसुद्धा नाही हो. साहेब स्वतः सांगून गेले." वडिलांनी मात्र तोंडातून कधी ब्र काढला नाही. ते ऐकत बसायचे.

ताईला ते वाक्य पुरायचं नाही. मेला कसा ते सांगून झालं, पण तिथे तो जगला कसा, हे कोण सांगणार? दादा पालीला भ्यायचा. चांगला दांडगा माणूस, पण मोरीत पाल दिसली की अंगावर टॉवेल घेऊन बाहेर यायचा आणि धाकट्या बहिणीला म्हणायचा, "जा, तू हाकल तिला." असा माणूस लढाईत काय करत असेल? मोजे कुठे वाळवत असेल? कुणाशी भांडला असेल? त्या दिवशी सकाळी त्याने काही खाल्लं होतं का? हे विचारायला कुणी नव्हतं. दादाच्या तुकडीतली माणसं कुठे पांगली, कुणालाच माहीत नव्हतं.

म्हणून ती पुस्तकं शोधायला लागली. आता लढाईवरची पुस्तकं काही थोडी नसतात. पण शोधायला गेल्यावर तिच्या लक्षात आलं की त्यातली बरीचशी मोठ्या साहेब लोकांनी लिहिलेली असतात. उंटावरून शेळ्या हाकलेल्या. आत नकाशे, नकाशावर बाण, आणि मुखपृष्ठावर छातीवर पदकं लावलेला लेखक. 'आमचं जरासं नुकसान झालं' असं एक वाक्य येतं आणि प्रकरण पुढे जातं. त्या जराशा नुकसानीत आपला दादा असेल, असं वाटून ती पुस्तक मिटून टाकायची. दुसरी होती ती लढाईला न गेलेल्यांनी लिहिलेली, पदरचं घालून, तिखटमीठ लावून. आणि साध्या सैनिकांनी स्वतः लिहिलेली सगळ्यांत कमी. तीही पदरमोड करून छापलेली, शाई पुसट, बांधणी अशी की दुसऱ्या वाचकाच्या हातात पानं सुटी व्हावीत.

असली पुस्तकं ती रद्दीच्या दुकानातून उचलायची. कुणी वारलं आणि घरच्यांनी पुस्तकांची पोती वाचनालयाला दिली, की ती आधी पोत्यात हात घालायची. सेक्रेटरी म्हणायचे, "ताई, तुम्हाला कधीपासून एवढी लढाईची आवड?" ती म्हणायची, "नवऱ्याशी भांडायला उपयोग होतो." सेक्रेटरी हसायचे आणि विषय संपायचा.

पण जमवलेल्या पुस्तकांतलं खरं कुठलं आणि रचलेलं कुठलं, हे तिने कशावरून ठरवावं? ती काही लढाईला गेली नव्हती. कौटुंबिक कादंबरी असती तर तिने दोन पानांत सांगितलं असतं की लेखिकेने आयुष्यात कधी भांडी घासलेली नाहीत. इथे तिने हात टेकले होते. आणि तेव्हाच तिला ड्रायव्हरकाका सापडले.

ड्रायव्हरकाका समोरच्या गल्लीत मुलाकडे राहायचे. दादाच्याच लढाईत त्यांनी सैन्याचा ट्रक चालवला होता, फक्त दुसऱ्या आघाडीवर. हात एवढे मोठे की पुस्तक त्यात पासबुकासारखं दिसायचं. सभासद झाल्यापासून ते दारामागच्या मांडणीशिवाय दुसरीकडे फिरकले नाहीत. आणि बोलणं? एक पुस्तक टेबलावर ठेवायचे, म्हणायचे, "दुसरं द्या." ताईने विचारलं, "कसं होतं, काका?" की उत्तर यायचं, "ठीक." चांगल्यालाही ठीक, वाईटालाही ठीक. चेहऱ्यावरून ताकास तूर लागू देतील तर शपथ.

पण ताई काही कच्च्या गुरूची चेली नव्हती. माणूस बोलत नसला तरी चिठ्ठीवरच्या तारखा बोलतात, हे तिला टेबलामागे बसून पक्कं कळलं होतं. पुस्तक दुसऱ्याच दिवशी परत आलं म्हणजे वाचकाने ते चार पानांत भिरकावलं. मुदत उलटून गेली, निरोप पाठवावा लागला, म्हणजे पुस्तक घरात हातोहात फिरतंय. हा तिचा आडाखा कधी चुकला नव्हता. त्याच आडाख्याने ती नवी पुस्तकं मागवायची, आणि सेक्रेटरीसुद्धा याबाबतीत तिच्यापुढे चूप बसायचे.

तोच तिने ड्रायव्हरकाकांना लावला. त्यांनी जी पुस्तकं दिवसेंदिवस ठेवून घेतली, ती तिने घरी नेऊन वाचली. जी झटक्यात परत आली, त्यांच्यावर तिने पाणी सोडलं. लढाईला जाऊन आलेला माणूस ज्याला मानतो ते खरं, असं म्हणून ती वाचत राहिली. त्या पुस्तकांत नायकाच्या दंडाला गोळी लागायची आणि तो दुसऱ्या हाताने मित्राला पाठीवर घ्यायचा. मरता मरता माणसं दोन-दोन परिच्छेद बोलायची. कुणाला थंडी वाजत नव्हती, कुणाचं पोट बिघडत नव्हतं. वाचताना ताईच्या डोळ्यांत पाणी यायचं, छान वाटायचं, आणि पुस्तक मिटलं की वाटायचं, हा आपला दादा नव्हे. मग ती स्वतःलाच दटावायची. काका तिथे जाऊन आलेत, तू शिक्के मारतेस. तुला जास्त कळतं का?

असंच एकदा एका पोत्यातून एक बारीकसं पुस्तक निघालं. लिहिणारा साधा सैनिक, लढाईनंतर सायकल दुरुस्तीचं दुकान चालवणारा. मुखपृष्ठावर कुणीतरी रणगाडा काढला होता, तो थेट ट्रॅक्टरसारखा दिसत होता. पण उघडल्याबरोबर पहिलंच वाक्य होतं, 'सगळ्यांत आधी सांगतो, मला बूट एक नंबर मोठे मिळाले होते.' ताईने ते वाक्य दोनदा वाचलं. तिने ते स्वतः वाचायचं टाळलं, आधी काकांकडून खात्री करून घेऊ म्हणून त्यांच्या हातात दिलं. आणि दुसऱ्या दिवशी वाचनालयाचं कुलूप निघायच्या आत काका ते घेऊन जिन्यात उभे.

"दुसरं द्या."

ताईने शिक्का मारला, पण त्या दिवशी तो वाजला नाही. तिची एवढी निराशा कधी झाली नव्हती.

पुढे वाचनालयाच्या कमिटीने ठरवलं की स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांना जागा हवी. जागा कुठून आणायची? सेक्रेटरींचं लक्ष दारामागे गेलं. "ताई, हे निम्मं तरी काढा. वाचतं कोण?" ताई भांडली, पण कमिटीपुढे तिचं काय चालणार? निदान निवड आपल्या हातात राहावी म्हणून तिने ती स्वतः केली. आडाखा होताच. काकांनी ठेवून घेतलेली ठेवली, लवकर परत आलेली काढली आणि सुतळीने बांधून जिन्याखाली ठेवून दिली. संध्याकाळी रद्दीवाला यायचा होता.

दुपारी काका आले. नेहमी त्यांची पावलं जिन्यावर वाजायची, पण आज ती खालीच थांबली. बराच वेळ कुणी वर येईना म्हणून ताईने डोकावून पाहिलं, तर काका सगळ्यांत खालच्या पायरीवर बसलेले, गठ्ठ्याची सुतळी सोडलेली, आणि मांडीवर ते ट्रॅक्टरवालं पुस्तक.

"काका, अहो तिथे काय बसलात? ती रद्दी आहे."

"रद्दी कुणी केली?"

"मीच. म्हणजे... तुम्हीच केलीत की."

"मी?" काकांनी मान वर केली. इतकी वर्षं 'ठीक' आणि 'दुसरं द्या' याच्यापलीकडे न गेलेल्या माणसाचा आवाज चढला. "मी कधी म्हणालो?"

"म्हणाला नाहीत, पण सगळी लगेच परत केलीत. हे तर दुसऱ्या दिवशी. आवडलं असतं तर ठेवलं असतंत ना?"

काकांनी मांडीवरच्या पुस्तकाकडे पाहिलं. मग म्हणाले, "ताई, चांगलं होतं म्हणूनच परत केलं."

ताईला काहीच उमगलं नाही. ती दोन पायऱ्या उतरली आणि कठड्याला धरून उभी राहिली.

"आणि ती जाडजूड, महिना महिना ठेवलेली?"

"ती करमणूक हो. सुनेला वाचून दाखवतो, दोघं हसतो. दंडाला गोळी लागल्यावर माणूस काय बोलतो ते एकानेही धड लिहिलेलं नाही. झोप छान लागते त्यांनी." काकांनी मांडीवरच्या पुस्तकावरून हात फिरवला. "हे मात्र खरं आहे. यात जखमींच्या गाडीचं येतं. मी तीच चालवायचो. मागून पोरं विनवायची, हळू चालवा, हळू चालवा. हळू चालवलं तर पोचणार नाहीत, आणि जोरात चालवलं की खड्डा. यानं ते जसंच्या तसं लिहिलंय. मला पुढचं पान उलटवेना. घरात ठेववेना. म्हणून सकाळी आणून दिलं."

"मग पुन्हा पुन्हा नेता कशाला असली पुस्तकं?"

"वाटतं, या वेळी होईल वाचून."

ताई पायरीवर बसली. म्हणजे इतकी वर्षं आपण नेमकं उलटं चालत होतो. खरं ते बाजूला सारत होतो आणि खोटं उशाशी घेऊन झोपत होतो. काकांपुढे तिला हसूही आलं आणि त्याच दमात स्वतःचा असा राग आला की काय सांगावं. आणि मग तिथेच, औषधांच्या वासात, तिने काकांना दादाबद्दल सांगितलं. साहेब येऊन काय म्हणाले तेही सांगितलं. काका खाली बघत ऐकत होते. त्यावर ते काहीच बोलले नाहीत. फक्त उठले आणि एक गठ्ठा खांद्यावर टाकला.

दोघांनी मिळून पुस्तकं वर नेली. जाड वीरश्रीवाली खाली आली. सेक्रेटरींना गठ्ठ्यांची संख्या मोजायची होती, ती बरोबर भरली, त्यामुळे ते खूश.

"ताई," काका जाताना म्हणाले, "हे तुम्ही वाचा. मोठ्याने. मी ऐकतो. दुसऱ्याच्या तोंडून कदाचित झेपेल."

दुपारी जेवणाच्या वेळी वाचनालय रिकामं व्हायचं. तेव्हा काका टेबलासमोरच्या बाकावर येऊन बसायचे आणि ताई वाचायची. तिचा आवाज शिक्क्याला शोभणारा, पण वाचताना तो आपोआप खाली यायचा. सायकलवाल्याने मोठे शब्द कुठेच वापरले नव्हते. मोठ्या बुटांत कागद कोंबून तो चालला होता. वाट बघण्यात दिवसच्या दिवस गेले होते, लढण्यात फार थोडे. दोन जण एका चमच्यावरून भांडले आणि दोघांपैकी एक गेल्यावर दुसऱ्याने तो चमचा कुणालाच वापरू दिला नाही. एक जण भीती वाटली की पाढे म्हणायचा, आणि त्याला तेराचा येत नव्हता म्हणून बाराशी अडायचा. इथे ताई इतकी हसली की तिला पुस्तक टेबलावर ठेवावं लागलं. काकाही हसले. "असा एक आमच्याकडे होता," म्हणाले. "सगळीकडेच असेल."

ताईला दादा दिसायला लागला. फोटोतला नाही. कागद कोंबलेल्या बुटांतला, जुने मोजे शेकोटीपाशी धरून बसलेला, चिडका, भुकेला. घरी जाताना ती रस्त्यात स्वतःशीच हसायची. नवऱ्याने विचारलं, "काय झालं?" तर म्हणाली, "दादा भेटतोय." त्याने पुढे काही विचारलं नाही, पण दुसऱ्या दिवशीपासून सकाळचं पाणी तोच भरायला लागला, तिची तेवढी धावपळ वाचावी म्हणून.

गाडीचं प्रकरण आलं तेव्हा काकांनी डोळे मिटून घेतले. ताईने विचारलं, "थांबू?" त्यांनी नाही म्हणून मान हलवली. ती वाचत राहिली. संपल्यावर काकांनी रुमालाने तोंड पुसलं आणि म्हणाले, "झालं एकदाचं." त्या दिवशी जिना उतरताना त्यांनी कठडा धरला नाही.

शेवटून दुसरं प्रकरण लढाई संपल्यानंतरचं होतं. आता काय, सुटलोच, असं वाटून ताईने सहज वाचायला घेतलं. सायकलवाला एका साहेबांबरोबर, लढाईत गेलेल्यांच्या घरोघरी फिरला होता, कारण त्याला त्या भागातले रस्ते माहीत होते.

'पहिल्या घरी साहेब म्हणाले, त्याला काही कळलंसुद्धा नाही, एका क्षणात गेला. मी खाली बघत होतो. त्या पोराला जायला सगळी दुपार लागली होती आणि मी त्याच्याजवळ होतो. दुसऱ्या घरीही साहेबांनी हेच सांगितलं. तिसऱ्या घरी साहेबांना बोलवेना. तेव्हा मी सांगितलं.'

ताई थांबली. तिने ते पुन्हा एकदा मनात वाचलं. शब्दसुद्धा तेच होते.

"काका, तुम्हाला हे माहीत होतं."

"हो."

"त्या दिवशी जिन्यात मी सांगितलं, तेव्हाही."

"हो, ताई."

"सगळ्यांच्या घरी हेच सांगायचे?"

"बहुतेक. जे खरंच क्षणात गेले त्यांच्याही घरी हेच. वेगळं काय सांगणार?"

"मग माझा दादा?"

खालून औषधांच्या दुकानात कुणीतरी खोकल्याचं औषध मागत होतं, ते वर ऐकू येत होतं.

"मला माहीत नाही," ते म्हणाले. "मी त्याला पाहिलं नाही. आता मी काही गोड सांगितलं, तर मीही त्या साहेबांसारखाच खुर्चीच्या कडेवर बसलेला असेन. माहीत नाही. क्षणात गेला असेल. नसेलही."

ताईला आई आठवली. येईल त्याला ते वाक्य सांगणारी. आणि नुसते ऐकत बसणारे वडील. त्यांना संशय होता का? ते एकटेच तो सोसत होते का? त्या अधिकाऱ्यांचा तिला राग येईना. पाणी सगळं प्यायले होते बिचारे. त्यांना अजून कितीतरी घरी जायचं असेल.

तिने पुस्तक टेबलावर पालथं घातलं. इतकी वर्षं ती दादा गेला म्हणून रडत आली होती. त्या दुपारी पहिल्यांदा ती दादाला दुखलं असेल म्हणून रडली. मोठ्याने, तोंडाला पदर न लावता. ड्रायव्हरकाका बाकावर तसेच बसून राहिले. त्यांनी तिला रडू नका असं म्हटलं नाही.